निषेध कळला, मागणी काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे तोडण्यात आली. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांना ते फार लागले, आणि साताऱ्यातील रिवाजाप्रमाणे आम्ही निवेदन द्यायचे ठरवले. मी आयुष्यभर मराठी शिकवले असल्यामुळे मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते मन लावून केले. ‘तीव्र’, ‘जाहीर’ आणि ‘कठोर शब्दांत’ ही तिन्ही विशेषणे मी एकाच पानात बसवली आणि शेवटच्या परिच्छेदात निषेध हा शब्द तीनदा वापरला. संबंधित कार्यालयाच्या आवक खिडकीवर बसलेल्या तरुण लिपिकाने तो कागद शेवटपर्यंत वाचला, जे सहसा कोणी करत नाही, आणि नोंदवहीतील ‘विषय’ या रकान्यावर पेन टेकवून विचारले, “सर, निषेध कळला. मागणी काय आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. झाडे तोडून झाली होती. तेवढ्यात त्यानेच सांगितले की, तोडीची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली होती, हरकती मागवल्या होत्या, आणि मुदत संपेपर्यंत एकही हरकत आली नव्हती. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. रकाना भरायचा होता, एवढेच. हरकत हा शब्द कामाचा होता तेव्हा आम्ही तो वापरला नाही, आणि निषेध हा शब्द घेऊन गेलो तेव्हा त्याला करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हापासून या शब्दाकडे मी जरा संशयाने पाहतो. सार्वजनिक जीवनात कठोर नापसंतीसाठी आपण जे शब्द वापरतो, त्यांचे काम काय, ते कोणी आणि कशाच्या आधारावर वापरावेत, हा प्रश्न मला केवळ व्याकरणाचा वाटत नाही.

मुळात निषेध या शब्दाचा अर्थ नापसंती असा नाहीच. ‘नि’ या उपसर्गानंतर ‘सिध्’ हा धातू येऊन झालेल्या या शब्दाचा संस्कृतातील अर्थ अडवणे, मनाई करणे असा आहे. हिंदीने तो अर्थ आजही जपला आहे. रेल्वे स्थानकावर ‘धूम्रपान निषेध’ अशी पाटी दिसते, सरकारी कागदांत ‘मद्यनिषेध’ असतो. मराठीत त्यासाठी मनाई, बंदी, प्रतिबंध हे शब्द रूढ झाले आणि निषेध मोकळा झाला. माझ्या नातवाने एकदा ती हिंदी पाटी वाचून, “धूम्रपानाचा निषेध कोण करतंय?” असे विचारले होते. आजच्या मराठीच्या हिशेबाने त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण आपल्याकडे निषेध करायला कोणीतरी जमलेले असावे लागते. १८५७ मध्ये निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र निषेधाचा अर्थ मनाई आणि नकार यांच्याभोवतीच फिरतो. पुढे सभा, वर्तमानपत्रे आणि ठराव यांचे युग आले, परकीय सत्तेपुढे ‘आम्हांला हे मान्य नाही’ असे लेखी बजावण्याची गरज निर्माण झाली, आणि या गरजेतूनच मनाईचा शब्द नाराजीच्या कामाला लागला असावा, असा माझा तर्क आहे. मनाई करण्याची सत्ता हाती नसलेल्या लोकांनी मनाईचाच शब्द उचलावा, यात एक धिटाई होती. ‘तुम्ही हे करू शकता, पण तुम्हांला हे करण्याचा अधिकार नाही’ एवढा आशय त्या एका शब्दात होता.

या शब्दाचा सर्वांत बारीक विचार ज्या शास्त्राने केला, त्या मीमांसेचे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचे, एक मोठे ठाणे आमच्याच जिल्ह्यात आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांनी सिद्ध केलेला मीमांसाकोश सात खंडांचा आहे. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याच गावात धर्मकोशाचे आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. मीमांसक वेदवाक्यांचे पाच प्रकार मानतात: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. लौगाक्षी भास्करांच्या ‘अर्थसंग्रह’ या छोट्या ग्रंथात निषेधाची व्याख्या सरळ दिली आहे. माणसाला निवृत्त करणारे, म्हणजे एखाद्या कृतीपासून मागे फिरवणारे वाक्य तो निषेध. व्याख्येत ना राग आहे, ना आवाजाची पट्टी, ना विशेषणे. कोणाला, कोणत्या कृतीपासून मागे वळवायचे आहे, एवढाच प्रश्न आहे. आवक खिडकीवरच्या त्या लिपिकाने मला नेमके हेच विचारले होते. त्याने मीमांसा वाचली नसेल, पण रकाना मीमांसकाचाच होता.

याच शास्त्रात आणखी एक सूत्रवजा न्याय आहे, आणि तो मला अलीकडे वारंवार आठवतो. त्याला ‘नहिनिन्दान्याय’ म्हणतात. वेदांत एखाद्या गोष्टीची निंदा आली, तर ती निंदा त्या गोष्टीला कमी लेखण्यासाठी नसते. जे करायला सांगितले आहे त्याची स्तुती करण्यासाठी असते, असा त्याचा आशय. मीमांसकांनी तो ग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी बनवला. पण आपल्या चौकातील फलक त्याच्या उजेडात वाचून पाहावेत. ‘अमुक घटनेचा जाहीर निषेध’ ही ओळ एका बाजूला असते, आणि उरलेल्या तीन चतुर्थांश फलकावर निषेध करणाऱ्यांची छायाचित्रे, नावे आणि पदे असतात. घटना कोणती हे कळायला चष्मा लावावा लागतो. निषेधक कोण हे रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. निंदा तेथे निंद्य गोष्टीसाठी उरलेलीच नाही. आपण कोणत्या बाजूचे, किती जागरूक, किती लवकर उठून उभे राहिलो, याची ती जाहिरात आहे. हे केवळ राजकीय कार्यकर्त्यांचे दूषण आहे असेही नाही. माझ्या निवेदनातील तीन विशेषणांपैकी किमान दोन मी स्वतःसाठी लिहिली होती, हे मला आज कबूल केले पाहिजे.

यातून दुसरे नुकसान असे झाले की, नापसंतीच्या बाबतीत आपली भाषा जितकी श्रीमंत आहे तितके आपण बोलायला दरिद्री झालो. मराठीतील या प्रांताचा नकाशा काढायचा म्हटले तर एक संपूर्ण पान लागेल. आई मुलाला रागावते, शिक्षक समज देतो, वडीलधारा माणूस कानउघाडणी करतो, वरिष्ठ खरडपट्टी काढतो, सासूबाई बोल लावतात, पत्रकार एखाद्याला धारेवर धरतो, समीक्षक वाभाडे काढतो, भावकी तोंडसुख घेते. कानउघाडणीत समोरच्याच्या भल्याची इच्छा गृहीत आहे. कान उघडले तर तो ऐकेल असा विश्वास आहे. पाणउतारा करण्यात तो विश्वास नाही, तेथे चारचौघांसमोर मान खाली घालायला लावण्याचा हेतू आहे. ‘खडे बोल सुनावले’ म्हटले की बोल खरे असल्याचे आपण मान्य करतो. ‘तोंडसुख घेतले’ म्हटले की सुख बोलणाऱ्याचे होते, हे सांगून मोकळे होतो. भर्त्सना हा शब्द फारसा बोलीत नाही, पण लेखनात त्याची धार वेगळी आहे: तेथे माणसाच्या कृतीपेक्षा माणसाच्याच लायकीवर घाव असतो. एवढ्या छटा हाताशी असताना नगरपालिकेच्या सभेतील गोंधळापासून परदेशातील युद्धापर्यंत सर्वांसाठी ‘तीव्र शब्दांत निषेध’ हा एकच साचा वापरणे म्हणजे घरात अडकित्ता, विळी, कोयता, कुऱ्हाड सगळे असताना सुपारीही कुऱ्हाडीने फोडण्यासारखे आहे. शिवाय ‘तीव्र शब्दांत निषेध’ या वाक्यात तीव्र शब्द कोणते ते कधीच येत नाहीत. तीव्र शब्द वापरले आहेत अशी केवळ बातमी त्या वाक्यात असते. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

शब्द बोथट होण्याचे एवढे दुःख कशाला, शेवटी ते शब्दच आहेत, असे कोणी म्हणेल. पण आपल्या परंपरेने आणि आजच्या कायद्यानेही कठोर शब्दाला ‘शेवटी शब्दच’ असे कधी मानलेले नाही. त्याला शिक्षेत गणले आहे. जुन्या धर्मशास्त्रात दंडाचे चार प्रकार येतात: वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड. वाग्दंड म्हणजे ‘हे बरे केले नाहीस’ असे बजावणे, आणि धिग्दंड म्हणजे ‘धिक्कार असो तुझा’ असे म्हणणे. मनुस्मृतीत त्यांचा क्रम असा चढता दिला आहे, आणि याज्ञवल्क्य स्मृतीतही हेच चार दंड येतात. अपराध पाहून ते एकेकटे किंवा एकत्र वापरावेत, असे याज्ञवल्क्य सांगतो. म्हणजे दंडाच्या रकमेच्या अलीकडच्या पायरीवर धिक्कार बसवलेला होता. तो कोणी उठून उच्चारायचा नव्हता. अधिकार असलेल्याने, अपराध ठरल्यावर द्यायचा होता.

त्या अपराधांची मोजपट्टी मनुस्मृतीने जातीगणिक बदलली होती, हे येथेच सांगितले पाहिजे. आणि म्हणूनच धिक्काराला दंडाच्या पंक्तीत बसवणाऱ्या या ग्रंथालाच महाराष्ट्राने सर्वांत मोठा धिग्दंड दिला, ही गोष्ट या विषयात टाळता येत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील शाळेत दाखल झाले होते. राजवाड्याजवळच्या त्या शाळेमुळे आम्ही सातारकर त्या तारखेवर थोडा हक्क सांगतो. महाडच्या दहनाचे आज स्मरण होते ते बहुधा ज्वाळांच्या चित्रातून. पण तेथे दहन होण्याआधी रीतसर ठराव मांडला गेला, ग्रंथ का त्याज्य आहे याची कारणे सांगितली गेली, आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही त्याच परिषदेत मंजूर झाला. काय नाकारतो, का नाकारतो आणि त्या जागी काय मागतो, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी होत्या. जगातील कोणत्याही कठोर शब्दापेक्षा ती कृती कठोर होती, आणि तिच्यातील एकही अंश मोघम नव्हता. कठोरपणाला माझा विरोध आहे असा समज झाला असेल, तर तो या उदाहरणाने दूर व्हावा.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये शासकीय कर्मचाऱ्याला देता येणाऱ्या शिक्षांची यादी आहे, आणि किरकोळ शिक्षांत पहिली शिक्षा आहे ‘ठपका ठेवणे’. नेहमीच्या बोलण्यात आपण ठपका सहज ठेवतो. पावसाचाही ठपका हवामान खात्यावर ठेवतो. कार्यालयात मात्र ठपका ही शिक्षा आहे, ती सेवापुस्तकात जाते आणि बढतीच्या वेळी समोर येते. ‘ताकीद’ किंवा ‘समज’ देणे आणि ‘ठपका’ ठेवणे यांत नियमांच्या दृष्टीने अंतर आहे, कारण ताकीद ही त्या यादीतील शिक्षा नाही. यातील खरी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ही सर्वांत हलकी शिक्षा देण्यापूर्वीसुद्धा कर्मचाऱ्याला त्याच्यावरील दोषारोप लेखी कळवावा लागतो आणि त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. एका कारकुनाला एका ओळीचा ठपका द्यायचा तर राज्यसत्तेला त्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि आपण एखाद्या शिक्षिकेचा, डॉक्टरचा, सरपंचाचा धिक्कार गावभर फिरवतो तेव्हा त्या माणसाला एक फोन करून ‘हे खरे का?’ असे विचारण्याची तसदी घेत नाही. हा विरोधाभास मला फार बोचतो. नोकरी करताना आम्ही अशा खुलाशाच्या पत्रांना हसत असू. ‘खुलासा मागवला’ म्हणजे प्रकरण गुंडाळले, असा त्याचा अर्थ झाला होता. पण त्या कंटाळवाण्या पत्रामागे एक सभ्य कल्पना उभी आहे.

न्यायालयांच्या बाबतीत हाच प्रश्न ‘ताशेरे’ या शब्दाने येतो. आपल्या वर्तमानपत्रांना हा शब्द फार प्रिय आहे, आणि ताशेरे नेहमी ‘ओढले’ जातात, जणू पाठीवर आसूड ओढावा तसे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी, जे उर्दू कवीही होते, एका निकालपत्रात पोलीस दलावर असे ताशेरे ओढले की, कायदा न मानणाऱ्या कोणत्याही टोळीचा गुन्ह्यांचा लेखा या दलाच्या जवळपास येणार नाही. उत्तर प्रदेश सरकार ते वाक्य काढून टाकण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. मोहंमद नईम प्रकरणाच्या १९६३ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती शेरेबाजी वगळली आणि अशा प्रसंगी पाहायच्या तीन गोष्टी सांगितल्या. ज्याच्या वर्तनावर बोलायचे तो न्यायालयासमोर आहे का, किंवा त्याला आपली बाजू मांडण्याची संधी होती का? त्या वर्तनाबद्दल नोंदीवर पुरावा आहे का? आणि प्रकरणाचा निर्णय करण्यासाठी तसे बोलणे आवश्यक होते का? देशभरची न्यायालये आजही या तीन कसोट्या उद्धृत करतात. गंमत अशी की, कागदावरून पुसलेले मुल्लांचे ते वाक्य लोकांच्या तोंडून मात्र कधीच पुसले गेले नाही. पोलिसांविषयीच्या प्रत्येक वादात ते परत येते. कठोर शब्द मागे घेता येतो, परत मात्र बोलावता येत नाही, आणि हे तो शब्द अन्याय्य असला तरी खरे असते, न्याय्य असला तरी खरे असते.

येथे बातमीदारीचाही थोडा वाटा आहे. सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती प्रश्न विचारतात, वकिलाला डिवचतात, एखादी शंका मुद्दाम टोकाच्या भाषेत मांडतात. दुसऱ्या दिवशी त्या सर्वाला ‘ताशेरे’ हे एकच नाव मिळते. मे २०२१ मध्ये निवडणूक आयोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुनावणीतील तोंडी उद्गार हा निकालाचा भाग नसतो. त्याच वेळी ते उद्गार छापण्याचा माध्यमांचा अधिकारही मान्य केला, आणि न्यायमूर्तींनी भाषेत संयम ठेवावा असेही सुचवले. छापावे, जरूर छापावे. पण न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला असेल तर ‘विचारले’ असे छापावे. मराठीत त्यासाठी क्रियापदांची टंचाई नाही.

संसदीय भाषेतही असाच विवेक आहे, जो चटकन लक्षात येत नाही. अविश्वास ठरावाला कारण द्यावे लागत नाही. ‘सभागृहाचा विश्वास नाही’ एवढे पुरते. निंदाव्यंजक ठरावात मात्र कोणत्या धोरणासाठी किंवा कृतीसाठी निंदा करायची ते लिहावे लागते. म्हणजे सरकार पाडणे हे कारणाशिवाय चालते, निंदा करणे कारणाशिवाय चालत नाही.

आता या लेखाला घेता येण्यासारखा सर्वांत सबळ आक्षेप. कर्मचाऱ्याला ठपका देणारा वरिष्ठ, ताशेरे ओढणारे न्यायासन, ठराव मांडणारे सभागृह, या सर्वांच्या हातांत सत्ता आहे, म्हणून त्यांच्यावर बंधने शोभतात. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला पुरावा द्या, संधी द्या, आवश्यकता दाखवा असे सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणे नव्हे काय? रस्त्यावर उतरलेल्या माणसाने आधी तीन कसोट्या पाठ कराव्यात आणि मग घोषणा द्यावी काय?

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. धिक् हे संस्कृतात अव्यय आहे. ‘अरेरे’ किंवा ‘छी’ यांच्या जवळचे. तो उद्गार आहे, आणि उद्गाराकडे पुरावा मागणे वेडेपणाचे आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. ते आमच्या साताऱ्याचे. त्या दिवशी या गावातून जो आवाज उठला, त्याला कोणी ‘आधी विषय लिहा’ म्हटले असते तर तो माणूस म्हणून उणा ठरला असता. धिक्कार त्या क्षणाचाच शब्द आहे आणि त्याला त्या क्षणी मोकळे सोडले पाहिजे. पण त्यानंतर जे झाले ते मला जास्त मोलाचे वाटते. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकरांनी वर्षानुवर्षे धरलेला आग्रह शोकाच्या त्या दिवसांतही सैल झाला नाही. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. नव्या अर्थाचा निषेध तेव्हा जुन्या अर्थाच्या निषेधापर्यंत, म्हणजे मनाईपर्यंत, पोहोचला. कोणती कृती थांबवायची हे त्या लोकांना आधीपासून माहीत होते, कलमे लिहून तयार होती, म्हणूनच संतापाला धरायला काहीतरी मिळाले. खुनाच्या धिक्काराचे फलक त्यानंतरही दरवर्षी लागतात आणि लागावेत. परंतु मांत्रिकावर गुन्हा नोंदवता येतो तो कलमांमुळे.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मला मान्य नाही, आणि त्याचे कारणही गावांतच सापडते. आपल्याकडे गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद आहे, आणि त्या मतपत्रिकेवर एक उभी व एक आडवी बाटली असते. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. या बायकांहून सत्ताहीन कोण असेल? नवऱ्याच्या व्यसनाबद्दल त्यांनी आयुष्यभर बोल लावले, शिव्याशाप दिले, देवळात नवस बोलले. त्या शब्दांना धार नव्हती असे नाही. पण दुकानाचे दार बंद केले ते मोजलेल्या आडव्या बाटल्यांनी. हिंदीतला मद्यनिषेध हा शब्द मराठी खेड्यात अशा रीतीने खऱ्या अर्थाने अवतरतो, आणि त्यासाठी त्या बायकांना घरोघर फिरून सह्या गोळा कराव्या लागतात, तारखा पाळाव्या लागतात, अर्जातील चुका पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. दुबळ्याने बोथट शब्दावर समाधान मानावे, असा सल्ला त्याचा हितचिंतक देणार नाही. सबळाचा मोघम शब्दही चालून जातो. दुबळ्याला नेमका शब्दच लागतो.

पुराव्याच्या बाबतीत तर आमच्या जिल्ह्याने एक महागडा धडा पाहिला आहे. गोपाळ गणेश आगरकर हे कराडजवळच्या टेंभूचे. मराठीत त्यांच्याइतका परखड लिहिणारा संपादक क्वचितच झाला. ‘केसरी’ सुरू झाला तो १८८१ मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांवर, म्हणजे बर्व्यांवर, केलेल्या जळजळीत टीकेमुळे आगरकर आणि टिळक बदनामीच्या खटल्यात सापडले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, या लेखनामागचा कळवळा खराच होता. पण ज्या पत्रांवर टीकेची इमारत उभी होती ती बनावट निघाली. दोघांनाही चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. लोकांनी त्यांना वीर ठरवले, आणि त्यांच्या निर्भयतेबद्दल ते योग्यच होते. पण दिवाणांवरील आरोप मात्र त्या पत्रांबरोबर कोसळले, हेही तितकेच खरे. आगरकरांचे पुढचे लेखन, विशेषतः १८८८ नंतरचे ‘सुधारक’मधील, वाचताना मला जाणवते ते असे: शब्द तसूभरही मऊ झालेले नाहीत, पण हल्ला आता कानावर आलेल्या गोष्टींवर नाही, सर्वांना दिसणाऱ्या रूढींवर आहे, केशवपन, बालविवाह, सोवळे यांना कोणी बनावट म्हणू शकत नव्हते. त्यांच्या विरोधकांनी मात्र पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. एकाने कारणे लिहिली, दुसऱ्यांनी तिरडी बांधली. दोन्हीही कठोर निषेधच होते, आणि त्यांतला कोणता टिकला हे आज वेगळे सांगावे लागत नाही.

मोबाइलवरच्या निषेधाबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ असले तरी मी ते टाळतो, कारण त्यातील वाईट गोष्टी मोबाइलने आणलेल्या नाहीत. पारावरही लोक न विचारता धिक्कारत होते. आता पार खिशात आला आहे. फरक एवढाच की, पारावरचा शब्द संध्याकाळी विरून जाई आणि ज्याच्याबद्दल तो उच्चारला तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पारावर येऊन ‘काय रे, काय म्हणत होतास?’ असे विचारू शके. तो विचारेल ही भीतीच पुष्कळदा जिभेला लगाम घाली.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्याच भागात पुन्हा चार झाडांच्या तोडीची नोटीस लागली. या वेळी झाडाच्या बुंध्यावर चिकटवलेला कागद आम्ही वेळेत वाचला. मसुदा पुन्हा माझ्याकडेच आला. वर ‘विषय: वृक्षतोडीस हरकत’ असे लिहिले, खाली कोणते झाड, ते गटाराच्या रेषेपासून किती फूट आत आहे, फांद्या छाटून काम भागेल का, हे मुद्दे क्रमाने घातले. पान संपले तेव्हा आमच्यातील सर्वांत वयस्कर सदस्य, ज्यांनी गोवा मुक्तीच्या काळापासून मोर्चे पाहिले आहेत, कागद वाचून नाराज झाले. “यात निषेध कुठंय?” त्यांनी विचारले. बराच वेळ वाद झाला. शेवटी, मागच्या वेळी मुदतीची नोटीस दिसेल अशा जागी लावली नव्हती, त्या एका गोष्टीपुरता तो शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत घालायचे ठरले, विशेषणाशिवाय. आवक खिडकीवर या वेळी दुसराच लिपिक होता. त्याने विषय वाचला, शिक्का मारला आणि पोच हातात देत सुनावणीची तारीख सांगितली.